जलदगाडीचं नाक आणि ताराबाईचे झिंगे

राष्ट्राची प्रगती त्याच्या आगगाडीच्या नाकावरून ओळखावी, हे तत्त्व आता सर्व सुधारलेल्या देशांनी मान्य केलं आहे. ज्याची गाडी बसक्या नाकाची तो देश मागासलेला, आणि ज्याची निमुळत्या नाकाची तो पुढारलेला. एकोणीसशे पंचावन्न साली फ्रान्समध्ये विजेच्या गाडीनं तासाला दोनशे मैलांचा टप्पा ओलांडल्याची बातमी आली, तेव्हा आपल्याकडेही ताबडतोब एक जलदगती सुधार समिती नेमण्यात आली. त्या फ्रेंच गाडीचं नाक कसं होतं, हे बातमीत छापलेलं नव्हतं. परंतु ते निमुळतंच असलं पाहिजे, असा समितीनं पहिल्याच बैठकीत एकमतानं ठराव केला.

प्रयोगासाठी जंगलातून चांद्याला येणारी अरुंद रुळांची गाडी निवडण्यात आली. निवडीचं कारण शास्त्रीय होतं: या गाडीचा वेग आणखी कमी होण्याची भीती नव्हती.

समितीच्या नऊ सदस्यांपैकी सात जणांनी ही गाडी पाहिलेली नव्हती (म्हणून त्यांची मतं निःपक्षपाती होती). उरलेल्या दोघांनी एकदा तिनं प्रवास केला आणि वेळेची नोंद घेतली. एकूण प्रवास पाच तास. त्यात गाडी चालली दोन तास बावन्न मिनिटं. इंजिनात पाणी भरायला पंचवीस मिनिटं, गार्डसाहेबांच्या चहाला वीस, रुळांवर बसलेला रानगवा आपल्या मर्जीनं उठेपर्यंत एकोणतीस, जळाऊ लाकडाच्या मोळ्या चढवायला छत्तीस. आणि सावरटोला नावाच्या हॉल्टवर, कोणतंही तांत्रिक कारण न देता, अठरा मिनिटं.

या अठरा मिनिटांचं नाव ताराबाई.

सावरटोल्याच्या तलावावर मासेमारी करणारी जी घरं होती, त्यातलं एक ताराबाईचं. तिचा नवरा इस्तारी जाळं टाकी आणि ताराबाई दर बुधवारी चांद्याच्या बाजारात झिंगे विकी. आता झिंगा हा फार उतावळा जीव. मरळ मासळी टोपलीत तासन् तास जिवंत राहून वाट बघते. झिंग्याला तेवढा धीर नाही. चांद्याचं गिऱ्हाईकही पक्कं. टोपलीत बोट घालायचं. झिंगा उडाला तर घ्यायचा, नाही तर नाक मुरडून पुढं जायचं. म्हणून इस्तारीनं आणि गाडीनं मिळून एक रीत पाडली होती. आंबेझरीच्या फाटकाशी ड्रायव्हर देवाजी लांब शिट्टी देई. ती ऐकली की कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला इस्तारी जाळं उचली, ताराबाई झिंगे ओल्या पळसपानांत घाली आणि टोपली डोक्यावर घेऊन तलावाच्या पाळीवरून हॉल्टकडे निघे. तोवर गाडी येऊन थांबलेली असे. देवाजी बिडी ओढी. डब्यातल्या कुणाला घाई वाटलीच, तर तो खिडकीतून मान काढून विचारी, "कुठवर आली बाई?" आणि पलीकडच्या खिडकीतला सांगे, "वडापाशी."

गाडीत चढताना झिंगे पाण्याबाहेर येऊन वीसेक मिनिटं झालेली असत. तिथून चांदा सव्वा तास. बाजारात टोपलीवरचं पान उचललं की झिंगे तडतड उडत. ही रीत सतरा वर्षं चालू होती, आणि तिच्याविरुद्ध एकही तक्रार दाखल नव्हती (तक्रारवही गार्डाच्या चहाच्या कपाखाली असे, हे खरं).

समितीनं प्रश्नाचा मुळातून विचार केला. वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. अंतर कमी करणं महसूल खात्याच्या परवानगीशिवाय अशक्य. वेळ कुणाच्याच हातात नसते. तेव्हा उरलं नाक. धानाच्या कोठ्या बनवणाऱ्या एका पत्रेवाल्याकडून इंजिनाला दहा फूट लांबीचं निमुळतं नाक करवून घेतलं. त्यामुळं पुढचा दिवा झाकला गेला, म्हणून नाकाला भोक पाडलं. भोकातून वारा शिरून गाडी शंखासारखी वाजू लागली, आणि हा ध्वनी वेगाचाच असल्याचं अध्यक्षसाहेबांनी लेखी कळवलं.

जनमत घ्यायलाही समिती विसरली नाही. अध्यक्षसाहेब स्वतः सावरटोल्याला आले आणि हॉल्टवर नाकाचा नकाशा पसरून त्यांनी इस्तारीला मत विचारलं.

इस्तारीनं नकाशा उलटसुलट पाहिला. "हे तं मरळीचं थोबाड हाय जी," तो म्हणाला. "झाक काढलं. पन साहेब, मरळ थोबाडानं नाई पळत, शेपटीनं पळते."

अहवालात याची नोंद 'स्थानिक मत्स्यतज्ज्ञाचा पाठिंबा' अशी आहे.

चाचणीचा दिवस बुधवारच निघाला. हुकूम स्पष्ट होता: गाडी मध्ये कुठंही थांबणार नाही, चाचणी यशस्वी झाली की सावरटोला हॉल्ट वेळापत्रकातून काढून टाकण्यात येईल. हॉल्टवर तिकिटं देणारा आणि झेंडी दाखवणारा लटारू आदल्या दिवशीच ताराबाईला सांगून गेला. त्या रात्री तिनं हिशेब केला. चांद्याला पायी जायचं तर दिवस मोडणार, आणि मेलेले झिंगे म्हणजे नुसती वाळवायची सुकट.

"मंग काय करू जी?" तिनं सकाळी इस्तारीला विचारलं.

"शिट्टी वाजली तं जाळं उचलीन," इस्तारी म्हणाला. "नाई वाजली तं नाई."

शिट्टी वाजली. देवाजीला हुकूम पाठ होता, पण हाताला तो कुणी वाचून दाखवला नव्हता. फाटक आलं, हात दोरीवर गेला. इस्तारीनं जाळं उचललं, ताराबाई पाळीवर चढली, आणि गाडी ताशी एकतीस मैलांच्या अभूतपूर्व वेगानं, शंख फुंकत, सावरटोल्यात शिरली. देवाजीनं पाळीकडे पाहिलं. टोपली दिसली. गाडी थांबली.

पहिल्या वर्गातले नऊही सदस्य एकमेकांच्या मांडीवर आले. अध्यक्षसाहेब टोपी शोधत खाली उतरले.

"गाडी का थांबली?"

"ताराबाई येऊन राह्यली नं, साहेब."

"अहो, ही विनाथांबा गाडी आहे!"

"हो जी," देवाजी अदबीनं म्हणाला. "म्हणून तं बाईले म्या हातानं इशारा केला, का लवकर लवकर पाय उचल."

ताराबाई खरोखरच धावत आली. अठराऐवजी अकरा मिनिटांत. चढताना तिनं साहेबांना हात जोडले आणि देवाजीकडे पाहून पदरानं डोळे पुसले. त्या बुधवारी चांद्यात तिचे झिंगे असे उडत होते की एक झिंगा गिऱ्हाइकाच्या टोपीत जाऊन बसला.

समिती मात्र खचली नाही. अपयशाचं कारण परदेशी जाऊन शोधण्यासाठी तीन सदस्य पाच महिने फ्रान्स, जर्मनी आणि जपान इथं राहून आले. त्यांनी तिथली इंजिनं, रूळ, सिग्नल, आणि हवामान चांगलं असेल तेव्हा समुद्रकिनारेही तपासले. त्यांचा निष्कर्ष अहवालाच्या शेवटच्या पानावर आहे, आणि तो खरोखर थोर आहे. परदेशातले ड्रायव्हर प्रवाशांना नावानं ओळखत नाहीत. तिथं गाडी माणसांची वाट बघत नाही. माणसं गाडीची वाट बघतात. थोडक्यात, थांबणे हे काम आजवर चुकून गाडीकडे सोपवण्यात आले होते, ते यापुढे प्रवाशांकडे वर्ग करावे.

अंमलबजावणी झटपट झाली. फाटकावरची शिट्टी वाफेची उधळपट्टी म्हणून बंद. देवाजीची बदली. सावरटोला हॉल्ट दयाबुद्धीनं कायम, परंतु थांबा एक मिनिट, आणि प्रवाशांनी लिहिलेल्या वेळेच्या एक तास आधी हजर राहावं. इंजिनाचं पाणी आणि गार्डसाहेबांचा चहा आता निघण्यापूर्वीच उरकत. गाडी निघायलाच दोन तास उशीर करी, पण निघण्यापूर्वीचा वेळ प्रवासात धरत नाहीत. त्यामुळं सरासरी वेग सव्वापट झाला. नाकाचं बिल मंजूर झालं.

पहिल्या बुधवारी ताराबाई नियमाप्रमाणं तास आधी येऊन बसली. गाडी तीन तासांनी आली. चांद्यात गिऱ्हाइकानं टोपलीत बोट घातलं, हलवलं, पुन्हा हलवलं, आणि हात धोतराला पुसून तो निघून गेला. दुसऱ्या बुधवारी धूर दिसल्यावरच जाळं उचलायचं ठरलं. ती वडापाशी पोचली तेव्हा गार्डाचा डबा वळणावरून दिसेनासा होत होता. नव्या ड्रायव्हरनं तिला पाहिलं होतं. तो तिला ओळखत नव्हता एवढंच. ताराबाई पाळीवरच बसली आणि टोपली पुढ्यात ठेवून रडली. झिंगे थोडा वेळ उडत राहिले, मग थांबले.

तिसऱ्या बुधवारी ती सुकट घेऊन आली. सुकटीला घाई नसते. दोन तास झाले तरी गाडीचा पत्ता नव्हता, तेव्हा तिनं लटारूला विचारलं, "कारे भाऊ, गाडी तेज झाली म्हनते. मंग मी काऊन बसून राह्यली इथी?"

लटारूनं वर लावलेलं परिपत्रक पाहिलं. त्याला वाचता येत होतं, म्हणून त्याला उत्तरही ठाऊक होतं. "तू बसून राह्यली, म्हणूनच तं तेज झाली बाई."

ताराबाईला ते पटलं नाही, पण ती अडाणी होती. शिकलेल्या लोकांना ते लगेच पटलं. पुढं हीच पद्धत कचेऱ्यांनी उचलली, मग दवाखान्यांनी, मग सगळ्यांनीच. आणि सर्वांचं काम विलक्षण जलद झालं. तुम्ही तर ही एवढी मोठी गोष्ट, एकही ओळ न गाळता, इथपर्यंत वाचत आलात. म्हणजे तुम्हीही कुठं तरी बसूनच राहिला आहात; तेव्हा तुमचीही गाडी जलदच असणार.