बोटांची कवळी

गिटारच्या नख्या ज्याने कुणी पहिल्यांदा बनवल्या, त्याला माणसाच्या बोटांविषयी काडीचीही आस्था नव्हती, असा माझा जाहीर आरोप आहे. नाव घेत नाही, कारण ते मला माहीत नाही. माहीत असतं तर घेतलं असतं. तारा छेडायला बोटांच्या टोकांवर चढवायची ही इवलीशी टोपणं. डोळ्याच्या बुबुळावर बसणारी काच माणसाने शोधून काढली, पण बोटावर धड बसेल अशी नखी काही त्याला जमली नाही. यात कुणाचे तरी हितसंबंध असणार, असं मी बायकोला म्हणालो.

"नखं वाढव," ती म्हणाली.

माझी नखं वाढत नाहीत. म्हणजे वाढतात, पण विचार करताना मी ती खातो, आणि मी सतत विचार करत असतो.

सुरुवात अगदी साध्या निर्णयाने झाली. आमच्या भागातल्या वाचनालयाने सभासदांसाठी गाण्याची संध्याकाळ ठेवली आणि बायकोने त्यात नाव दिलं. ती औषधांच्या दुकानात काम करते आणि घरी ओट्यापाशी गाते. चार माणसांसमोर उभं राहून गायची ही तिची पहिलीच वेळ. दुकानातल्या एका मैत्रिणीच्या भावाने तिच्या पट्टीत वाद्यांची साथ तयार करून दिली होती. मोबाइलवर ती लावायची आणि आपण त्यावर गायचं. कित्येक दिवस ती अशी गात होती. मला ते बघवेना.

"जिवंत गळ्याला मेलेली साथ?" मी विचारलं.

"मेलेली असली तरी वेळेवर येते."

"मी वाजवतो तुझ्याबरोबर."

"तू?"

"कॉलेजात वाजवायचो."

"कॉलेजात तू उपोषणंही करायचास. दुपारपर्यंत."

हा टोला मला लागला. त्याच तिरीमिरीत मी तिच्या मोबाइलमधली साथ पुसून टाकली. (तत्त्वासाठी लढताना परतीचे दोर कापावेत, असं मला वाटतं. दोर माझे होते की तिचे, हा बारकावा तेव्हा सुचला नाही.) मैत्रिणीचा भाऊ तोवर दूर कुठेतरी नोकरीवर रुजू झाला होता, त्याच्याकडेही काही उरलं नव्हतं. बायकोने मोबाइलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि त्या दिवशी तू नसलास तर?"

"मी नसेन, असं होईल का?"

आता मागे फिरणं शक्य नव्हतं. मी गिटार काढली, धूळ झटकली आणि नख्यांच्या शोधाला लागलो.

आधी पितळी आणल्या. दुकानदार म्हणाला, "चिमट्याने जरा आवळा, बसतील." मी आवळल्या. त्या बसल्या, पण माझी बोटं उठली. अर्ध्या तासात मधल्या बोटाचं टोक निळं पडलं आणि बायकोने आपल्या दुकानातून मलम आणलं. मग प्लास्टिकच्या आणल्या. त्या गरम पाण्यात बुडवून बोटाच्या आकाराच्या करायच्या असतात. पाणी जरा जास्त गरम झालं आणि त्यांचा आकार बोटाऐवजी चमच्याचा झाला. तरी हार न मानता त्या मी कामावर नेल्या. मी एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच माझा व्यवसाय, आणि माझ्या नजरेतून काही सुटत नाही अशी माझी तिथे ख्याती आहे. (ती मीच पसरवली आहे.) जेवणाच्या सुट्टीत टेबलाच्या कडेवर बोटांचा सराव करत होतो, तर तर्जनीवरची नखी सुटली आणि थेट साहेबांच्या चहात जाऊन पडली. साहेबांनी कपात डोकावून विचारलं, "हे काय आहे?"

"कलेवरची निष्ठा, सर," मी म्हणालो. त्या संध्याकाळी मला शब्दकोशाची तीनशे पानं जादा मिळाली.

शेवटचा उपाय म्हणून बायकांची चिकटवायची नखं आणली. दुकानात फक्त लाल उरली होती, त्यावर पांढरी फुलं. ती तारांवर बरी चालली, पण निघेनात. दोन दिवस मी उजवा हात खिशात घालून मुद्रितं तपासली.

हे सगळं सासूबाई बघत होत्या. सासूबाई आमच्या घरी राहतात. खरं सांगायचं तर आम्ही त्यांच्या घरी राहतो. त्या कवळ्या बनवतात. मागच्या खोलीत त्यांचं काम चालतं. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने हसत असतात, खिडकीपाशी घासायचं छोटं यंत्र, आणि खोलीभर मेणाचा वास. दंतवैद्यांकडून मापं येतात, दुरुस्तीची गिऱ्हाइकं मात्र थेट घरी. लाल नखं सुटून माझी बोटं सोललेली पाहिली आणि त्यांनी यंत्र बंद केलं.

"जावईबापू, इकडे या. बसा. आ करा."

मी आ केला.

"तोंड मिटा, सवयीने म्हटलं. बोटं द्या."

त्यांनी माझ्या अंगठ्याचं, तर्जनीचं आणि मधल्या बोटाचं माप एका गार, ओल्या लगद्यात घेतलं. कवळीच्या हिरडीला वापरतात तोच माल नख्यांना वापरू म्हणाल्या. तो गुलाबी होता. बोटांना हिरड्या फुटलेला माणूस मंचावर बसवायचा का, असा मुद्दा मी मांडला आणि पारदर्शक नख्या मागितल्या. (व्यवहारात पारदर्शकता हवी, हे मी कॉलेजपासून सांगत आलोय.)

"पारदर्शक तर पारदर्शक," त्या म्हणाल्या. "पण मग जपून ठेवा, दिसायच्या नाहीत."

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी नख्या तयार झाल्या. सासूबाईंनी त्या एकेक करून माझ्या बोटांवर चढवल्या. मी आवळण्याची वाट पाहत राहिलो. काहीच आवळलं नाही.

"कुठे टोचतंय?"

"कुठेच नाही. काही कळतच नाहीये, आई."

"कळायला नकोच. नवी कवळी दिली की मी हेच सांगते. घातली आहे याचा विसर पडला की समजायचं, बसली."

मी गिटार घेतली. काय सांगू, पितळीखाली कण्हणाऱ्या त्याच तारा, पण आता एकेक सूर सुटा आणि गोल येत होता. बायको दारात येऊन उभी राहिली, हळूच गुणगुणायला लागली. एक कडवं झालं, दुसरं झालं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या कपाळावरची आठी गेली. "बरं वाजवतोस की," ती म्हणाली. मी याच वाक्यासाठी जगत होतो.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "ती डबी तेवढी तपासनीसांकडे पोचवता का? त्यांना संध्याकाळी गाणं ऐकायला यायचंय, आणि दातांशिवाय ते बाहेर पडत नाहीत."

तपासनीस म्हणजे पलीकडच्या गल्लीत राहणारे, बसमधली तिकिटं तपासण्यात आयुष्य गेलेले एक गृहस्थ. टेबलावर दोन सारख्या निळ्या डब्या उघड्या पडल्या होत्या. एकीत त्यांची कवळी, दुसरी माझ्या नख्यांची. मी दोन्ही झाकणं फटाफट लावली, दातांची डबी पिशवीत टाकली, तपासनीसांची घंटा वाजवली आणि दार उघडायची वाट न बघता पिशवी कडीला अडकवून परत आलो. वाट बघणं मला जमत नाही. जगात जे काही बदललं आहे ते वाट न बघणाऱ्यांनी बदललं आहे.

बायको आणि सासूबाई मैत्रिणीच्या गाडीतून गिटार घेऊन पुढे गेल्या. "तू फक्त कपडे बदल आणि ये," बायको म्हणाली. "फक्त" या शब्दावर तिने जरा जोर दिला होता.

कपडे बदलायला घेतले तर शर्टाची बटणं काजांत जाईनात. हल्ली काजं नीट शिवत नाहीत, याविषयीही कुणीतरी आवाज उठवायला हवा. कशीबशी बटणं लावली, नख्यांची निळी डबी उचलली आणि सहज उघडून पाहिली.

डबी रिकामी.

मी टेबलाखाली पाहिलं. गाद्या उचलल्या. फळीवरच्या जबड्यांच्या आत पाहिलं. ते हसतच होते. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुपारच्या घाईत मी नख्या दुसऱ्या उघड्या डबीत टाकल्या आणि तपासनीसांच्या दारी अडकवून आलो. त्यापाठोपाठ दुसरा प्रकाश पडला, तो पहिल्यापेक्षा भयंकर होता. पारदर्शक नख्या. गाण्याला निघायच्या घाईतले म्हातारे गृहस्थ. ते कवळी तोंडात घालणार, तिच्याबरोबर तीन नख्या आत जाणार. माझ्या संगीतसेवेत एका निवृत्त माणसाचा बळी.

बायकोला कळवावं म्हणून मोबाइल काढला. किती वेळा टोचलं, तरी पडदा ढिम्म. (ऐन वेळी बिघडतील अशीच ही यंत्रं बनवतात. तो आरोप वेगळा.) मोबाइल खिशात कोंबला आणि पळत सुटलो.

तपासनीसांचं दार मी असं ठोठावलं की जिन्यात कुणीतरी खिळे ठोकतंय असं वाटावं. हल्लीची दारं पोकळ. त्यांनी दार उघडलं. चांगला इस्त्रीचा सदरा, अंगाला अत्तर, आणि जबडा हलत होता.

"तोंडात काय आहे?" मी ओरडलो.

"बिस्किट."

"त्याच्याआधी काय घातलंत?"

"दात."

"नुसते दातच होते? खात्री आहे?"

त्यांनी थोडा विचार केला. "दात सोडून आणखी काय असतं कवळीत?"

"काढा."

"काय?"

"दात काढा, काका. तुमच्या जिवाचा प्रश्न आहे."

त्यांनी बिस्किट गिळलं, पाठ फिरवली आणि कवळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. ती कोमट होती. मी ती उजेडात धरून दाढ दाढ तपासली, उलटी केली, हलवून पाहिली. मुद्रित इतक्या बारकाईने मी कधी वाचलेलं नाही. बिस्किटाचा चुरा सोडला तर त्यात वावगं काही नव्हतं. त्यांची डबी पाहिली, पिशवी झटकली.

"नख्या होत्या," मी म्हणालो आणि मटकन खुर्चीत बसलो. "गिटारच्या. तीन. काचेसारख्या. त्या नसतील तर मी वाजवू शकत नाही, मी वाजवलं नाही तर ती गाऊ शकत नाही, आणि तिची दुसरी साथ मीच पुसून टाकलीय."

तपासनीस माझ्या हाताकडे टक लावून बघत होते. मी समजलो. दात परत दिले. त्यांनी ते बसवले, घसा खाकरला आणि म्हणाले, "अहो, तुमच्या त्या..."

"आता वेळ नाही काका, तिकडे बोलू," मी म्हणालो आणि जिना उतरलो. मागून त्यांच्या काठीचा आवाज येत राहिला.

सभागृहाचं दार ढकललं आणि थांबलो. बायको मंचावर उभी होती. शेजारी रिकामी खुर्ची, खुर्चीला टेकवलेली गिटार. ती दाराकडे बघत होती. तिने मला पाहिलं. मी दोन्ही हात पसरून मान हलवली: नाहीत. सगळ्या सभागृहाने वळून माझ्याकडे पाहिलं. जमीन दुभंगावी असं वाटलं, पण ती फरशीची होती.

बायकोने खुर्चीकडे एकदा पाहिलं. मग माइक हातात घेतला, डोळे मिटले आणि नुसत्या गळ्यावर गायला सुरुवात केली.

पहिली ओळ जराशी थरथरली, तिलाही कळलं असणार. दुसऱ्या ओळीपासून ती मंचावर नव्हतीच, ओट्यापाशी होती, पाठमोरी, कुणी ऐकत नाहीये अशा समजुतीत. रोज पलीकडच्या खोलीत बसून मी हाच आवाज ऐकत होतो आणि त्याला माझ्या गिटारची गरज आहे असं धरून चाललो होतो. वरच्या सुरावर ती थांबली तेव्हा पहिल्या रांगेतला एक खोकला अर्ध्यावर थांबला.

टाळ्या सुरू झाल्या. सगळ्यांत जोरात माझ्या. त्यांचा आवाजही वेगळाच येत होता, कडकड, लाकडी. मनापासून वाजवल्या की असा येत असेल, असं मला वाटलं. पुढच्या रांगेतल्या दोन बायका वळून बघायला लागल्या.

बायको उतरून आली. चेहरा फुललेला. "पुढच्या महिन्यात परत बोलावलंय," ती म्हणाली. "अशीच गा म्हणाले, साथीशिवाय. खुर्ची ठेवायची का विचारत होते. म्हटलं नको, तो काहीतरी शोधत असतो."

"अगं, मी घर पालथं घातलं. तपासनीसांच्या तोंडापर्यंत गेलो. नाहीतच नख्या." आणि पुन्हा तिच्यासमोर हात पसरले.

ती माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिली. मग माझा अंगठा धरला आणि शेजारच्या खांबावर आपटला. टक्. मग तर्जनी. टक्. मग मधलं बोट. तिसऱ्या 'टक्'ला ती खाली वाकून हसायला लागली आणि तिला उभं राहता येईना. सासूबाईंनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी माझा हात दिव्याखाली नेला, नख्यांच्या कडा दाबून पाहिल्या आणि समाधानाने म्हणाल्या, "बसल्या म्हणायच्या."

तेवढ्यात तपासनीस काठी टेकत आमच्यापाशी पोचले. कुणावर तरी राग काढणं मला भागच होतं.

"काका, तुम्ही आयुष्यभर लोकांचे हात तपासलेत. तुम्हाला तर दारातच दिसल्या असतील. मग बोलला का नाहीत?"

"बोलणारच होतो," तपासनीस म्हणाले. "तुम्ही दात परत दिलेत, पण बोलू कुठे दिलंत?"