करवलीची साडी

शशीची योजना अगदी पक्की होती. ब्रॅकनेलला राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, अरुणाताईला फोन करायचा आणि सांगायचं, "घराच्या पेपर्सवर विटनेस म्हणून साइन करायचंय." ताई येईल, सही करेल, चहा पिऊन जाईल. कागदावर काय लिहिलंय ते ती थोडीच बघणार?

ताईनं तीस वर्षं बँकेत काढली होती, हे तो सोयीस्करपणे विसरला.

कागद होता शशी आणि आयझॅकच्या सिव्हिल पार्टनरशिपचा, म्हणजे लग्नासारख्याच कायदेशीर नोंदणीचा. दोन पुरुषांना अशी नोंदणी करू देणारा कायदा इंग्लंडात आदल्याच डिसेंबरात लागू झाला होता. दोघांनी जाऊन नोटीस दिली, पंधरा दिवस ती बोर्डावर लागलेली होती, कुणी हरकत घेतली नाही. आता हवे होते दोन साक्षीदार. एक आयझॅकची मावसबहीण एलिशेबा. दुसरी जागा शशीनं ताईसाठी राखली होती. सोळा वर्षं दोघं एका घरात राहत होते, आणि ताई फोनवर अजून विचारायची, "तुझा भाडेकरू बरा आहे ना?" त्या घरात तिनं एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं. आपलं माणूस एकदा तरी आपल्या बाजूला उभं राहावं, एवढंच शशीला हवं होतं. त्यासाठी तो सोळा वर्षं झुरत होता.

लंडनमधल्या ईलिंगच्या नोंदणी ऑफिसात ताई पिवळा कार्डिगन आणि चालायचे बूट घालून हजर झाली. सह्या सुरू होण्याआधी तिनं कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागली. रजिस्ट्रार बाईंनी घड्याळ पाहिलं.

"शशी, हे घराचे पेपर्स नाहीत."

"नाहीत, ताई."

ताईनं कागद खाली ठेवला. बाईंनी हळूच सुचवलं, साक्षीदार कुणीही चालतो, बाहेर बाकावरच्या कुणाला तरी बोलावू.

"नको," शशी म्हणाला. "तीच हवी. नाहीतर आज राहू दे."

"मग खोटं का सांगितलंस?"

"खरं सांगितलं असतं तर आली असतीस?"

ताईनं चष्मा काढला. "विचारायचं तरी होतंस. भावाच्या लग्नात करवली अशी येते का, कार्डिगन घालून?"

आयझॅकनं पिशवीतून एक मोरपिशी इरकल साडी काढली. "ही तुमचीच, ताई. घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीसाठी शशीनं आणली होती. तुम्ही आला नाहीत. दर दिवाळीला तो ती बाहेर काढतो, घडी बदलतो आणि परत ठेवून देतो."

शशीनं मान वर केली नाही.

ताईनं साडी कार्डिगनवरूनच खांद्यावर घेतली. पदर डोळ्यांना लावला. दोघांनी सह्या केल्या, एलिशेबानं केली, शेवटी ताईनं केली, ठसठशीत. मग साडीचा काठ उलटून पाहिला.

"सोळा वर्षांत," ती आयझॅककडे वळून म्हणाली, "फॉल लावून घ्यायचं तुम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही?"