सदरकाकांची दोन बोटं

"घर सांभाळायला हात लागत नाहीत, डोकं लागतं!" असं सदरकाकांचं ठाम मत होतं. दर रविवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत ते 'घरच्या घरी' नावाचं सदर लिहीत. कुरकुरणारं दार, अडकलेला ड्रॉवर, शर्टावरची शाई... अकरा वर्षांत त्यांनी वाचकांची एकही अडचण सोडली नव्हती. स्वतःच्या घरात मात्र साधा बल्ब बदलला नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, त्यातलाच प्रकार!

त्या दिवशी चार वाजता संपादकबाई घरी येणार होत्या. सदर बंद करून तिथे शब्दकोडं छापायचं घाटत होतं. "तुमच्या नावाने एकही पत्र येत नाही हो," त्या फोनवर म्हणाल्या होत्या. "एकदा घरी येऊन बोलते, मग ठरवू."

दोन वाजता बायको बहिणीकडे निघाली. चपला घालता घालता म्हणाली, "अहो, सिंकचं पाणी जरा हळू जातंय. हात लावू नका. आल्यावर मी जाळी साफ करते."

हात लावू नका! अकरा वर्षांच्या अनुभवाला! काकांनी लगेच कात्रणांची फाइल काढली. 'सिंक तुंबल्यास कपड्यांचा तारेचा हँगर सरळ करून टोकाला आकडा करावा व आत फिरवावा.' काकांनी हँगर सरळ केला, जाळीच्या भोकातून आत घातला आणि ऐटीत फिरवला. आकडा गेला तसा यायला तयार होईना.

त्यावरही उपाय होता. 'अडकलेल्या धातूवर तेल सोडावे.' काकांनी अर्धी बाटली ओतली. तेल आत मुरावं म्हणून नळ थोडा सोडून ठेवला. निम्मं तेल ओट्यावरून जमिनीवर आलं. 'सांडलेल्या तेलावर पीठ पसरावे.' पिठाचा डबा रिकामा झाला. मग काकांनी हँगर दोन्ही हातांनी धरला, एक पाय ओट्याला लावला आणि हिसका दिला. हँगर जागचा हलला नाही. सिंकखालचा पाइप मात्र निखळून खाली पडला आणि सगळं पाणी पिठावर आलं!

आता स्वयंपाकघरभर कणीक मळली जात होती. गळती थांबवायला काकांनी खाली बसून सिंकच्या तोंडात खालून दोन बोटं घातली. पाणी थांबलं. बोटंही थांबली. आकडा आणि कड यांच्या मध्ये ती अशी घट्ट बसली की सुटेनात. दुसऱ्या हाताने नळ गाठता येत होता, पण तेलकट हातात तो गरगरीत लाडवासारखा निसटत होता. वर सिंक भरत चाललं होतं.

चार वाजता बेल वाजली.

"दार उघडंच आहे!" काका ओट्याखालून ओरडले. "जपून या, घसरतं!"

हे ऐकू येण्याआधीच संपादकबाई कणकेवरून घसरत थेट फ्रिजपर्यंत आल्या होत्या.

"हे काय चाललंय?"

"प्रात्यक्षिक!" काका म्हणाले.

बाईंनी रुमालाने नळ बंद केला आणि पर्समधून फोन काढला. "प्लंबरला बोलावते. नंबर आहे माझ्याकडे."

"तुमच्याकडे कसा?"

"मागच्या महिन्यात तुमचा बेसिनचा उपाय करून बघितला होता," बाई थंडपणे म्हणाल्या.

काकांनी डोळे मिटले. संपलं! आडवे शब्द, उभे शब्द, आपण मात्र कायमचे आडवे.

प्लंबर पाच मिनिटांत आला, कारण तो वरच्याच मजल्यावर होता. तिथल्या आजोबांनी परवाच्या रविवारचं वाचून फ्लश दुरुस्त केला होता. त्याने आधी काकांची बोटं सोडवली, मग आकडा काढला, मग जाळी उचलून खालचा कचरा काढला. "एवढंच होतं," तो म्हणाला. तेवढ्यात त्याला ती फाइल दिसली.

"म्हणजे 'घरच्या घरी'वाले ते तुम्हीच?"

आता हा मारतो, असं वाटून काका भिंतीला टेकले. प्लंबरने त्यांचा कणकेने माखलेला हात दोन्ही हातांत घेतला. त्याचे डोळे पाणावले होते.

"साहेब, रविवारी सकाळी सगळ्यात आधी मी तुम्हाला वाचतो! त्यावरून कळतं, सोमवारी पिशवीत कुठली हत्यारं भरायची. अहो, माझं घर चालतं तुमच्यावर!"

संपादकबाई बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "सदर चालू राहील. पण खाली यांची जाहिरात छापायची."

"छापा, छापा!" काका इतक्या जोरात म्हणाले की पुन्हा घसरले. मान गेला तर गेला, जागा तरी राहिली!

पुढच्या रविवारी सदर छापून आलं. खाली ठळक चौकट: 'एवढं करूनही न सुटल्यास ताबडतोब फोन करा.' बायकोने कात्री आणली, तेव्हा काकांना भरून आलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती आपलं कात्रण काढत होती!

तिने चौकट नीट कापून स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवली. उरलेलं सदर पिठाच्या डब्याखाली घातलं.