नजमाबी आणि दगडावरचा शब्द

आमच्या वडनेरातल्या नर्सबाई नजमाबी यांना गावात कुठं खोटं लिहिलेलं दिसलं की त्या ते पुसतात. पुसलं जात नसेल तर खरवडतात. स्टँडवरच्या एका हॉटेलाच्या पाटीवर ‘शुद्ध तुपातील’ असं होतं. त्यातला ‘शुद्ध’ त्यांनी भर दुपारी घराच्या किल्लीनं खरवडून काढला आणि मालकाला सांगितलं, की ‘तुपातील’ ठेवायचं की नाही ते तू तुझं ठरव. नजमाबींना उलटून बोलणारा माणूस गावात नाहीच. आरोग्य उपकेंद्रात त्यांची सगळी नोकरी झाली. निम्म्या गावाला त्यांनी जगात आणलं आणि उरलेल्या निम्म्याला सुया टोचल्या. कुणी आवाज चढवलाच तर त्या म्हणतात, “बाही वर कर. तुह्या दंडावरचा वण माह्या सुईचा हाय.”

त्यांचा आवडता शब्दप्रयोग म्हणजे ‘खोटी नोंद’. नोकरीत असताना एकदा नदीला पूर होता आणि पलीकडच्या वस्तीतल्या पोरांना डोस पाजायचे राहिले होते. कुण्या साहेबानं सांगितलं, की पाजले म्हणून लिहून टाका. नजमाबींनी साहेबाला उपकेंद्राच्या बाहेर काढलं, दाराला कुलूप लावलं आणि दोन दिवसांनी पाणी उतरल्यावर चालत वस्तीवर गेल्या. रिटायर झाल्यावरही फरक पडला नाही. एका लग्नात नवरदेव अठ्ठावीसचा आहे असं कुणी तरी कौतुकानं म्हणालं, तेव्हा या भर पंगतीत म्हणाल्या, “खोटी नोंद. छत्तीसचा हाय. मीच काढला त्याले, पायाळू होता.” लग्न झालं, पण वाढपी त्यांच्या पंगतीकडे पुन्हा फिरकले नाहीत.

त्यांची आई जुलेखाबी अगदी उलट स्वभावाची. डोक्यावर टोपलं घेऊन गावभर बांगड्या भरायची. हात इतका हलका, की बायकांना बांगडी चढल्याचं कळायचं नाही. माझ्या बायकोच्या हातात तिनंच पहिला चुडा भरला. आवाज चढवलेला तिला कुणी ऐकला नाही. ती गेल्यावर नजमाबींचे दोन भाऊ, करीमभाई आणि सलीमभाई, यांनी ठरवलं, की आईच्या घराच्या जागेवर तिच्या नावानं मशीद बांधायची. त्या भागातल्या लोकांना नमाजासाठी हायवे ओलांडून जावं लागायचं. त्या घरात तेव्हा एकट्या नजमाबी राहत होत्या. भावांनी विचारताच त्यांनी दुसऱ्या दिवशी भांडीकुंडी उचलली आणि मागच्या गल्लीत भाड्याची खोली घेतली.

मला त्या भावांचा राग यायचा. करीमभाई खामगावला, सलीमभाई त्याहून लांब. शेवटची सहा वर्षं म्हातारीला न्हाऊमाखू घालणं, औषध, उठवणं-बसवणं सगळं नजमाबींनी केलं. भाऊ ईदला गाडीतून यायचे आणि संध्याकाळी जायचे. आता मात्र मिनाराची उंची किती असावी यावर फोनवर तासतास बोलत होते.

पण यात माझाही हात आहे, तो सांगितलाच पाहिजे. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि गावातल्या बहुतेक पाट्यांवरची अक्षरं माझी असतात. मशिदीच्या दारावर संगमरवरी दगड बसवायचा होता. वर उर्दू, खाली मराठी. करीमभाईंनी मला मजकुराचा कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, ‘हज्जन जुलेखाबी यांच्या स्मरणार्थ’. हज्जन म्हणजे हज करून आलेली बाई, आणि जुलेखाबी हजला गेली नव्हती, हे मला माहीत होतं. सगळ्या गावालाच माहीत होतं. तरी मी हूं की चूं न करता अक्षरं आखून दिली आणि कारागिरानं ती कोरली.

दगडावरचा पडदा दूर झाला तेव्हा नजमाबी बायकांमध्ये उभ्या होत्या. त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेल्या. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं सांगत आली, की नर्सबाई स्टुलावर चढून दगडावर काही तरी करून राह्यल्या. मी धावलो. स्टीलच्या वाटीत पांढरं सिमेंट कालवलेलं होतं आणि त्या ‘हज्जन’ची अक्षरं चमच्यानं एकेक करून बुजवत होत्या. उर्दूतला शब्द आधीच बुजला होता. काम सफाईदार, जखमेला पट्टी बांधावी तसं.

“तुम्ही काऊन लिहिलं, मास्तर?” त्यांनी वळूनही न पाहता विचारलं. “तुमाले तं ठाऊक होतं न?”

मी म्हणालो, मला दिलं ते मी लिहिलं. त्या पुढचं अक्षर बुजवू लागल्या, आणि मला माझीच चीड आली.

करीमभाई दुपारच्या आत गावात पोचले, तेही रागानं लालबुंद होऊन. त्याच दिवशी, शुक्रवारच्या नमाजानंतर, मशिदीच्या अंगणात बैठक बसली. नजमाबी फाटकाशी उभ्या राहिल्या. करीमभाईंचं म्हणणं होतं, की बहिणीनं चारचौघांत खानदानाची अब्रू घालवली. मग त्यांचा आवाज जरा खाली आला. ते स्वतः हज करून आले होते. म्हणाले, “मी तिथं एकेक पाऊल अम्माच्या नावानं टाकलं हाय.”

“पाऊल तुहं होतं,” नजमाबी म्हणाल्या. “अम्मा इथं होती. अल्लाच्या घराच्या दारावर खोटी नोंद नाही चालत.”

इमामसाहेब तरुण आहेत, बाहेरगावचे. त्यांनी दोघांचं शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, की दारावर खरं तेवढंच असावं, नवा दगड करा. करीमभाई न जेवता खामगावला परतले.

नवा दगड आला तो नजमाबींच्या खोलीपुढच्या ओट्यावर ठेवला. मी पेन्सिल घेऊन बसलो. त्या समोर पाटावर बसून एकेक अक्षर तपासत होत्या. त्यांना बरं वाटावं म्हणून मी भावांवर तोंडसुख घेतलं. म्हणालो, जिवंतपणी आईला कुणी विचारलं नाही, आणि आता मोठेपणासाठी तिच्या नावापुढं वाट्टेल ते लावतात.

त्या माझ्यावरच भडकल्या. “करीमले काही बोलू नका, मास्तर. तुमाले काही माहीत नाही.”

मग थोड्या वेळानं खालच्या आवाजात सांगू लागल्या. “अम्माचं नाव सोडतीत निघालं होतं हजले. करीमसंग जाणार होती. सामान बांधून झालं होतं. त्याच आठवड्यात मले सासरच्यायनं आणून टाकलं. पोटातलं लेकरू गेलं होतं, अंगात ताप. अम्मा म्हणे, मी नाही जात. करीम एकटा गेला, रडत गेला. पुढं तिचे गुडघे गेले, मंग डोळे गेले. कोणी विचारलं तं ती म्हणे, मले अल्लाचा बुलावा नाही आला. बुलावा आला होता, मास्तर. मीच आडवी पडली.”

मी पेन्सिल खाली ठेवली.

“करीमनं तो शब्द मोठेपणासाठी नाही लिहिला. माह्यासाठी लिहिला. ते माह्या जिवाले खात राह्यते, हे त्याले ठाऊक हाय. दारावर लिहिलं, की झाली हज, मिटलं, असं त्याले वाटलं असन. मले तेच नाही सोसलं.”

मी विचारलं, अम्मा यावरून तुम्हाला कधी काही बोलल्या का?

“एका शब्दानं नाही. एकदा तरी मले शिव्या द्यायच्या होत्या तिनं. तं मी साऱ्या गावाले देत नसती फिरली.”

त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण डोळ्यांत काही नव्हतं. आत जाऊन फोन घेऊन आल्या आणि करीमभाईंना लावला. उचलताच नेहमीच्या आवाजात ओरडल्या, की दगड होऊन राह्यला, शुक्रवारी गुमान ये, आणि जेवल्याशिवाय गेला तर पाय मोडीन. पलीकडून करीमभाईंनी फोन ठेवला नाही. त्यांनीही फोन ठेवला नाही, नुसता कानाशी धरून बसल्या.

‘जुलेखाबी’तल्या ‘बी’ची वेलांटी राहिली होती. मी मान खाली घालून ती काढत बसलो.