आणे घाटात ताशी सेहेचाळीस

सायकलच्या बाबतीत मला कोणी काही शिकवायला येऊ नये. आमच्या आळ्याच्या वस्तीपासून आळेफाटा पाच किलोमीटर. सात महिने झाले, रोज जाऊन-येऊन दहा. कुठल्या वळणावर कुणाचं कुत्रं अंगावर येतं, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता कुठं खचवलाय, सगळं पाठ आहे. वय बावन्न, वजन विचारू नका. सात महिन्यांत मी एकदाही पडले नाही. हरवला तो फोन. तोही माझ्या हातानं.

पण आधी सायकल कुठून आली ते सांगते.

आमचे हे जाऊन दीड वर्ष झालं. सकाळी डेअरीला दूध घालून आले, ओट्यावर टेकले, चहा टाक म्हणाले, आणि चहाला उकळी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. थोरली हर्षाली संगमनेरला दिलेली, धाकटा ऋषी पुण्यात कंपनीत. दोघं महिनाभर राहिले, मग ज्याच्या त्याच्या कामाला गेले. म्हशी विकल्या, शेत शेजाऱ्यांना वाट्यानं दिलं. राहिले मी आणि चार खोल्या.

एका माणसाचा स्वयंपाक ही फार अवघड गोष्ट आहे. एका माणसाची आमटी होतच नाही. डाळ कितीही कमी टाका, दोन दिवस पुरते. मग मी चहा-टोस्टवर दिवस काढायला लागले आणि एके दिवशी मोरीत चक्कर येऊन बसले. नारायणगावच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, साखर तीनशे दहा. ते म्हणाले, चाला. गुडघे म्हणाले, जमणार नाही. शेवटी डॉक्टरांनी आणि गुडघ्यांनी सायकलवर तडजोड केली.

सायकल घरातच होती. ऋषीनं पहिल्या पगारात गिअरची सायकल घेतली, अकरा दिवस चालवली आणि गोठ्यात टांगून ठेवली. म्हशी गेल्या तरी ती गोठ्यातच होती. हर्षालीचा जुना पंजाबी ड्रेस अंगात घातला, देवाचं नाव घेतलं आणि पस्तीस वर्षांनी पेडल मारलं. पहिल्याच दिवशी शेजारच्या गोजरबाईंनी काळजीनं विचारलं, कोण आजारी आहे? बाईमाणूस सायकलवर एवढ्या घाईनं निघालं म्हणजे काहीतरी वाईटच असणार, असा त्यांचा हिशेब.

ऋषीला कळलं तेव्हा त्यानं माझ्या फोनात एक ॲप टाकून दिलं. मी निघाले की घरच्या ग्रुपवर नकाशा दिसायला लागायचा. आई कुठं आहे, किती वेगानं चाललीय, सगळं. ग्रुपवर आम्ही चौघं: मी, ऋषी, हर्षाली आणि आणे गावातले माझे धाकटे दीर, रामनाथ भाऊजी. मी घरी पोचले की तिघांचे तीन अंगठे यायचे. बोलणं म्हणाल तर दिवसाकाठी एवढंच. पण अंगठे आले की बरं वाटायचं. आहेत सगळे.

तर रविवारची सकाळ. सव्वासात वाजता मी फाट्यावर पोचले. तिथं साळुबाईची चहाची टपरी आहे. बिनसाखरेचा चहा मला घरीही करता येतो, पण घरी 'बसा' म्हणणारं कोणी नाही. टपरीसमोर एक पिकअप उभी होती, मागं टोमॅटोची रिकामी क्रेट रचलेली. माझ्या बुटाची नाडी सुटली होती. बांधायला दोन हात लागतात, म्हणून फोन ठेवला समोरच्या क्रेटमध्ये. नाडी बांधली, कंबर धरून हळूहळू सरळ झाले आणि बाकावर जाऊन बसले. पिकअपवाल्यानं विचारलं, मावशी, आणे घाटाला हाच रस्ता ना? मी म्हणाले, सरळ जा बाबा, सावकाश जा. माझ्या फोनला मी स्वतः रस्ता दाखवला.

साळुबाईशी गप्पांत तासभर गेला. तिच्या सुनेचं, माझ्या गुडघ्यांचं आणि मग पुन्हा तिच्या सुनेचं झालं. निघताना खिसा चाचपला तेव्हा डोक्यात उजेड पडला. तरी मी बाकाखाली पाहिलं, सायकलच्या पिशवीत पाहिलं, साळुबाईनं तर साखरेच्या डब्यातही पाहिलं. मग तिनं स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, "लेकाला लावा."

लावा म्हणजे कसा लावा? ऋषीचा नंबर मला पाठ नाही. हर्षालीचा नाही. माझा स्वतःचा नाही. आपण आपल्याला कधी फोन करतो? अख्ख्या जगात मला एकच नंबर तोंडपाठ होता, ह्यांचा. दुधाच्या किटल्यांवर, फवारणीच्या पंपावर, माझ्या जेवणाच्या डब्यावरसुद्धा त्यांनी तो ऑइलपेंटनं लिहून ठेवला होता. तो नंबर बंद आहे हे मला माहीत होतं. तरी बोटांनी तोच दाबला. दुसरं त्यांना येतच नव्हतं.

आणि रिंग वाजली.

पलीकडून पुरुषाचा आवाज आला, "बोला." मी कसलाही विचार न करता म्हणाले, "अहो."

पलीकडच्या माणसानं घसा साफ केला. मग म्हणाला, मी मंचरहून चांगदेव बोलतोय, बटाट्याचं बेणं पायजे का? मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. मग त्यानंच हळू आवाजात विचारलं, "दादाभाऊंच्या घरून का?"

हा नंबर कंपनीनं सहा महिन्यांपूर्वी त्याला दिला होता. तेव्हापासून डेअरीवाले, खतवाले, ट्रॅक्टरवाले, सगळे त्याच्याकडं दादाभाऊंना मागत होते आणि तो बिचारा सगळ्यांना, ते वारले, म्हणून सांगत होता. ह्यांचं जाणं त्यानं माझ्यापेक्षा जास्त जणांना कळवलं होतं. मी माझी अडचण सांगितली. तो विचारात पडला. मग म्हणाला, "ताई, एक नंबर हाय माझ्याकडं. दर रविवारी सकाळी येतो. मी हॅलो म्हणतो, पलीकडचा काही बोलत नाय. मिनिटभर थांबतो न् ठेवतो. नाव ऋषी दाखवतंय. मी 'न बोलणारा पावणा' म्हणून सेव केलाय. तुमचा कोण लागतो?"

मी म्हणाले, मुलगा.

साळुबाईनं वर्तमानपत्राच्या कपट्यावर नंबर लिहून घेतला. मी तिच्याकडं पाठ करून उभी राहिले. धूर डोळ्यांत गेला असं तिला सांगितलं. तिचा गॅस आहे. तिनं तो बारीक केला.

मग मी ऋषीला फोन लावला. त्यानं उचलला तो घाईतच. म्हणाला, कोण? मी म्हणाले, अरे मी, आई.

"काकू, राँग नंबर लागलाय. माझी आई हॉस्पिटलात आहे. लाइन मोकळी ठेवा." आणि कट.

मी बाकावर बसले. ऋषीची आई हॉस्पिटलात, म्हणजे मीच. साळुबाईनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. दुसऱ्यांदा फोन लावला तर ऋषी म्हणाला, काकू, प्लीज. तिसऱ्यांदा मात्र माझा पारा चढला.

"ऋष्या, काकू कुणाला म्हणतोस रे?"

ऋष्या म्हणणारी माझ्याशिवाय दुसरी कोणी नाही. पलीकडं ब्रेक करकचले. नुसते ट्रक जाताना ऐकू येत होते. राजगुरुनगरच्या पुढं त्यानं गाडी कडेला घेतली होती. त्यानं विचारलं, "मग हॉस्पिटलात कोण आहे?"

ते मला काय माहीत? ते ग्रुपवर नंतर वाचलं आणि भाऊजींकडून ऐकलं तेव्हा कळलं.

झालं होतं असं. मी टपरीवर चहा पीत होते आणि ॲप सांगत होतं की आई आण्याच्या रस्त्याला लागली, वेग ताशी सेहेचाळीस. हर्षालीनं टाळ्या वाजवणारे हात टाकले. ऋषीनं लिहिलं, आई सावकाश. मग मी आणे घाट चढले, चढणीला एकदाही न थांबता. रामनाथ भाऊजींनी लिहिलं की त्या घाटात त्यांची मोटरसायकलसुद्धा दुसऱ्या गिअरला येते, वहिनींना औषध कोणतं चालू आहे? इथं पहिल्यांदा कुणालातरी शंका आली. फोनवर फोन सुरू झाले. मी उचलेना. आणि आण्याच्या पुढं जाऊन नकाशावरचा तो ठिपका थांबला, तो नेमका एका हॉस्पिटलच्या दारात. पिकअपवाला समोर मिसळ खायला उतरला होता.

पुण्याहून ऋषी निघाला, संगमनेरहून हर्षाली आणि जावई निघाले. भाऊजी सगळ्यांत जवळ, ते पाव तासात हॉस्पिटलात हजर. त्यांनी माझं नाव सांगून विचारलं, मंगलबाई ॲडमिट आहेत का? नर्स म्हणाली, आहेत, पहाटेच आल्या, आता झोपल्यात. भाऊजींनी ग्रुपवर टाकलं, वहिनी ॲडमिट, झोप लागली आहे. मग शहाळं आणलं आणि बाकावर बसून राहिले. अर्ध्या तासानं नर्स हसत बाहेर आली आणि म्हणाली, अभिनंदन, मंगलबाई जाग्या झाल्या, त्या आणि बाळ दोघी बऱ्या आहेत, मुलगी आहे.

एवढं मात्र भाऊजींनी ग्रुपवर टाकलं नाही. ते शहाळं तिथंच ठेवून तडक बाहेर आले. तेवढ्यात त्यांना ऋषीचा फोन आला आणि उलगडा झाला. त्यांनी माझा नंबर लावला, तर समोरच्या पिकअपमधल्या रिकाम्या क्रेटमध्ये घंटी वाजायला लागली. भाऊजींनी ड्रायव्हरची कॉलर धरली. तो बिचारा तोंडात पाव घेऊन शपथा घेत होता.

दुपारी एक वाजता माझं घर भरलं. भाऊजी फोन घेऊन आले, ड्रायव्हरलाही जेवायला घेऊन आले. हर्षाली दारातच गळ्यात पडून रडली आणि रडून झाल्यावर रागावली. आता सायकल बंद, ती म्हणाली, भंगारात द्या आणि पुण्याला राहायला जा. जावई मान हलवत होते. मी कपाटातून नवा रिपोर्ट काढून ताटांच्या मध्ये ठेवला. साखर एकशे चाळीस. कोणी वाचला नाही. पण पातेलंभर आमटी एका पंगतीत संपली. दीड वर्षात पहिल्यांदा मी तळ खरवडला.

जेवणं झाल्यावर ऋषी गोठ्यात गेला. मी पाठोपाठ गेले. तो सायकलच्या चाकात हवा भरत होता. वर न बघता त्यानं विचारलं, "तुला माझा नंबर कुणी दिला?"

"मंचरच्या चांगदेवनं. बटाट्याचं बेणं विकतो."

त्याचा पंप थांबला. मग पुन्हा सुरू झाला. पुढचं चाक झालं, मागचं झालं. दोन्हीमध्ये हवा आधीच होती.

"बरा माणूस आहे," तो म्हणाला. "बोलायला लावत नाही. आणि पटकन ठेवतही नाही."

"आता मला करत जा," मी म्हणाले. "मीपण नाही बोलणार."

त्यानं मान हलवली. सायकल भिंतीला नीट टेकवली आणि हर्षालीला ओरडून सांगितलं, सायकल कुठंही जाणार नाही.

पाच वाजता सगळे गेले. चाकणला गर्दी लागते, संगमनेरला सासूबाईंचा उपास, भाऊजींचं दुकान उघडायचं. मी सहा ताटं घासली. एरवी एक असतं. मुद्दाम सावकाश घासली.

त्यानंतर दोन रविवार गेले. ऋषीचा फोन येतो. पहिल्या वेळी आम्ही दोघंही मिनिटभर गप्प होतो, दुसऱ्या वेळी त्यानं जेवलीस का विचारलं, प्रगती आहे. तिघांचे नंबर आता मी पाठ केलेत, झोपेतून उठवून विचारा. ॲप चालू आहे, अंगठेही येतात. फोन मी गळ्यात दोरीनं अडकवते, तशी शपथच घातलीय हर्षालीनं.

आणि खोटं कशाला बोलू, फाट्यावर रिकाम्या क्रेटची पिकअप उभी दिसली की हात आपोआप दोरीची गाठ सोडायला जातो.