शिट्टी-कारखान्याची समुद्रापार स्वारी

बाईसाहेबांची आज्ञा जाहली की, शिट्टीचा कारखाना समुद्रापार गेला त्याविषयी भाऊबंद नाही नाही ते बोलतात, करिता खरे वर्तमान तपशीलवार लिहावे, तिखटमीठ लावू नये. आज्ञा शिरसावंद्य. मीठ लावले नाही. तिखटाचे सांगवत नाही.

पूर्वी थोरले शेठ, म्हणजे श्रीमंत शिट्टीबहाद्दर आमचे शेठ यांचे तीर्थरूप, यांनी पत्र्याच्या छपराखाली कारखाना उभा केला, आणि पंचांच्या, पोलिसांच्या, शाळामास्तरांच्या शिट्ट्या तेथे घडो लागल्या. थोरल्यांचा दंडक ऐसा की, घरच्या माणसाने तोंडाने वाजवल्याखेरीज एकही शिट्टी गिऱ्हाइकास द्यावयाची नाही. यंत्रांच्या खडखडाटात बोललेले कोणास ऐकू येईना, म्हणोन घरची माणसे शिट्टीनेच बोलत. एक लांब म्हणजे 'थांब', दोन आखूड म्हणजे 'माल पास'. आमचे शेठ पाळण्यात असता एक लांब ऐकोन रडत आणि दोन आखूड ऐकोन निजत, ऐसा लौकिक.

ऐसे चालत असता करांची फौज चहूकडोन चालोन आली. कमाईवर कर, कर उशिरा भरला म्हणोन दंड, आणि दंड भरावयास जावे तर तेथे गाडी उभी केली त्याचाही कर! शेठ हवालदिल जाहले. मग बाईसाहेबांचे बंधू, म्हणजे शेठांचे मेव्हणे, हिशेबनिसीत मोठे मातबर, त्यांनी मसलत दिली की, समुद्रापार एक शहर आहे, तेथे कर नाममात्र, इमारती काचेच्या आणि रस्ते ऐसे लखलखीत की थुंकावयास लाज वाटावी. शेठांचे चित्त उल्हासले. थोरले मात्र बहुत खफा जाहले आणि त्यांनी फर्मावले, "जा. पण न वाजवता माल विकलास, तर माझं नाव लावू नकोस." मग एक लांब शिट्टी फुंकोन जे आत गेले ते निरोप द्यावयासही बाहेर आले नाहीत. त्या दिवसापासोन बापलेकांत अबोला. शेठांस अन्न गोड लागेना.

तरी कूच जाहले. काचेच्या इमारतीत दहावा मजला घेतला, नवी यंत्रे मांडली, ती ऐशी मुकी की मांजर बरे. शाळांची मोठी मागणी आली. माल सोमवारी जहाजावर चढवणे, न चढल्यास करार रद्द, म्हणजे कारखान्यास टाळे आणि भाऊबंदांत हसे. पहिला माल सिद्ध होताच शेठांनी एक शिट्टी उचलली, डोळे मिटले आणि छाती भरोन फुंकली.

तो काय! त्या इमारतीत शिट्टी म्हणजे आग लागल्याची खूण. तत्क्षणी तमाम मजल्यांवरले कारकून, वकील, विमावाले जिने उतरोन रस्त्यावर दाखल. सातव्या मजल्यावरील दंतवैद्य रोग्याचे तोंड उघडेच टाकोन धावले, रोगी त्यांच्याही पुढे. बाईसाहेब खिडकीतोन हे पाहोन बोलल्या, "अहो, माल चांगलाय की!"

मग इमारतीचे व्यवस्थापक, त्या गडाचे किल्लेदारच ते, लालबुंद होवोन वर आले आणि फर्मान सोडिले की, इमारतीत पुन्हा शिट्टी वाजली तर गाशा गुंडाळावा. शेठ पोते घेवोन समुद्रकाठी गेले. तेथे फुंकिताच पोहणारे सारे बुडाल्यागत किंचाळत बाहेर आले. चौकात गेले, तो मोटारी जागच्या जागी थिजल्या. दोन्ही ठिकाणी शिकस्त खावोन शेठ माघारी आले आणि पोत्यावर डोके टेकोन बसले.

मेव्हण्यांचा फोन आला, "दाजी, न वाजवता पाठवून द्या. कुणाला कळतंय?"

शेठ म्हणाले, "मला कळेल."

"तू गप रे," ऐसे बंधूस सुनावोन बाईसाहेब उठल्या. लिफ्टमध्ये दंतवैद्य भेटले. रविवारी इमारतीतल्या मंडळींचा फुटबॉलचा सामना, आणि पंच ऐनवेळी रुसोन बसलेला, ऐसी बातमी कळली. बाईसाहेबांनी तेथल्या तेथे तह केला की, पंच आमचे.

शेठांस फुटबॉलचे ज्ञान इतकेच की चेंडू गोल असतो. पोती मैदानी आली आणि रणास तोंड लागले. चेंडू हलला, शिट्टी. थांबला, शिट्टी. दंतवैद्य शिंकले, शिट्टी. दर खेपेस पोत्यातोन नवी शिट्टी, वाजली की पलीकडल्या पोत्यात.

"अहो पंच, आता काय झालं?"

"काही नाही, पुढची घेतोय."

मग दोन्ही फौजा एक होवोन पंचांवर चालोन आल्या. बाईसाहेब आडव्या जाहल्या आणि दंडक, अबोला, सोमवारचे जहाज, सारे एका दमात सांगोन टाकिले.  मग दंतवैद्य बोलले, "आधी नाही का सांगायचं?" आणि त्यांनी धावत जावोन स्वपक्षाच्याच वकिलास पाडले. त्यानंतर जो धुमाकूळ जाहला त्यास तोड नाही. कोणी चेंडू काखोटीस मारोन पळतो, कोणी कारण नसता लोळतो, खुद्द किल्लेदार गोल सोडोन विमावाल्याचा सदरा ओढिताहेत, आणि पंच फुंकताहेत, बाईसाहेबही दुसरे पोते घेवोन फुंकताहेत! हसोन हसोन सैन्याच्या पोटात कळा आल्या.

उन्हे कलली तेव्हा एकच शिट्टी उरली. शेठांचे गाल सुजले होते. त्यांनी थोरल्यांस फोन लाविला. थोरल्यांस वयोमानाने बोललेले ऐकू येत नसे, शिट्टी मात्र येई. शेठ म्हणाले, "बाबा, शेवटची," आणि फुंकली.

 शेठांनी फोन कानास घट्ट धरिला. 

मग पलीकडोन आल्या. दोन, आखूड.

शेठ मैदानी मटकन बसले आणि हुंदके देवोन रडो लागले. दंतवैद्य दात पडला की काय म्हणोन पाहावयास धावले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. माल सोमवारी जहाजावर चढला, कारखाना परमुलखी कायम जाहला, अबोला सुटला. सामना बरोबरीत राहिला, गोल कोणाचाच नाही. हे लिखाण बाईसाहेबांस वाचोन दाखविले. तिखटाचा वास आला म्हणाल्या, तरी दोन आखूड फुंकिल्या.