गवळटेकडीस घर म्हटले त्याची हकीगत

श्रीगजानन प्रसन्न. ज्याचे उदर थोर आणि तोल त्याहूनही थोर, मूषकावर बसोन त्रिभुवन फिरला परी कोठे पडला म्हणोन ऐकिवात नाही, त्यास साष्टांग वंदन करोन ही हकीगत लिहितो. शके सोळाशे नव्व्याण्णव, हेमलंबी नाम संवत्सरे, पौष शुद्ध पंचमीस आरंभ जाहला. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण लेखकास अजून तेथेच नांदणे आहे. इतकेच सांगतो की बर्फाचा मुलूख, वर्षातील चार मास भूमी दिसत नाही, आणि तेथील रयत पायांस दोन लांब फळ्या बांधोन, हाती दोन काठ्या घेऊन, डोंगरावरून घसरत खाली येते आणि पुन्हा वर जाते. कशासाठी म्हणोन विचारो नये. आम्ही एकदा विचारिले, तर आम्हांसच फळ्या बांधिल्या.

त्या मुलखाचा रिवाज ऐसा की प्रत्येक घराण्याची एक घरटेकडी असावी. तिच्या पायथ्याच्या पडवीत खुंटीवर आपल्या फळ्या टांगाव्या, आणि हिवाळ्यात कामकाज थंडावले की सहकुटुंब तेथे जावे, आणि सोयरिकीच्या बैठकीत कोणी घरटेकडी पुसली तर छाती पुढे काढून नाव सांगावे. कासारांची टेकडी होती, कुंभारांची होती, आमच्यासारख्या कारकुनांचीही एक उतरती जागा होती, तीस टेकडी म्हणणे हा तिचा मान. राजघराण्यास मात्र टेकडी नव्हती. दुसरा रिवाज खुद्द दरबारचा. हल्लीच्या भानजीराजांचे आजे, थोरले महाराज, एकदा वाड्याच्या चौकात पाय निसटोन पडले, आणि हसू दाबता दाबता भोवतालच्या मंडळींचे प्राण कंठाशी आले, तेव्हां एक धोरणी सरदार मुद्दाम त्यांच्या शेजारी पडला, मग दुसरा पडला, मग सगळेच पडले, आणि महाराज संतोष पावोन म्हणाले की हे बरे जाहले. तेथून कायदा जाहला की हुजूर पडले असता कोणी उभे राहो नये, आपणही पडावे, आणि तोंड जमिनीकडे करावे, म्हणजे हुजूर कैसे पडले हे कोणास दिसो नये. आम्ही या कामी तरबेज आहो. दौतीतील शाई न सांडता पडणारा कारकून मुलखात दुसरा नाही.

आता भानजीराजे दयाळू, न्यायी, घोड्यावर पक्के, परी फळ्यांवर पाय ठेविला की त्यांचे काही चालेना. आणि राणी मैनाऊसाहेब पडल्या बर्फाळ माहेरच्या, चालावयास लागण्याआधी घसरू लागलेल्या. हिवाळा आला की राणीसाहेब उतरणीवरून वाऱ्यासारख्या खाली येत, आणि हुजूर पायथ्याशी शालीत गुरफटोन, पुढे शेगडी घेऊन बसत, आणि त्या खाली पोहोचल्या की "वा" म्हणत. लग्नास नऊ वर्षे जाहली, नऊ हिवाळे "वा" म्हणण्यात गेले. यंदा हुजुरांनी मनाशी धरिले की एक तरी उतरण राणीसाहेबांच्या बरोबरीने उतरायची. उघड बोलिले नाहीत, परी दाढी करणाऱ्या न्हाव्यास बोलिले, म्हणजे सर्वांस ठाऊक जाहले. मग कारभारी अप्पाजीपंतांस बोलावोन आज्ञा केली की आमच्या घराण्यासही टेकडी पाहा, माघी पौर्णिमेच्या आत ठरली पाहिजे.

अप्पाजीपंतांचा जन्म किल्ल्यांच्या कारभारात गेला, म्हणोन त्यांनी टेकडीही किल्ल्याप्रमाणे पाहिली. उंची किती, पाण्याची टाकी किती, तोफा चढविता येतील काय, शत्रू आला तर कोणत्या अंगाने येईल, ऐसे सर्व कागदी उतरोन घेतले, आणि तेथून घसरता येईल काय एवढे पुसावयाचे राहिले. मग पंतांनी मोठ्या डौलात थोरला सुळका पसंत केला. तेथे शत्रू येणे अशक्य, आणि मित्रही क्वचित. एकशे चाळीस माणूस वर चढले, हुजूर मध्यभागी, राणीसाहेब उजवीस, आणि हुजुरांनी देवाचे नाव घेऊन पाऊल टाकिले, ते तिसऱ्या हातावर चारी मुंड्या चीत जाहले. तत्क्षणी एकशे चाळीस माणूस आडवे. मुदपाकखान्याचा आचारी शिऱ्याच्या पातेल्यासकट पडला, चौघडेवाले चौघड्यावर पडले, त्याचा नाद दरीत बराच वेळ घुमत राहिला. आणि राणीसाहेब, ज्या जन्मात कधी पडल्या नाहीत, त्याही कायद्याप्रमाणे निमूट बर्फावर निजल्या आणि तोंड फिरविले. हुजुरांनी ते पाहिले. ते पाहोन त्यांस आपल्या पडण्याहून अधिक लागले.

दुसऱ्या आठवड्यात जवाहीर टेकडी पाहिली. तेथे लोक घसरावयास येत नाहीत, आपली शाल दुसऱ्यास दाखवावयास येतात, आणि उतार ऐसा सौम्य की तेथे पडणे अवघड. हुजूर सात वेळा पडले. दरबारही सात वेळा पडला, आणि पाचव्या खेपेपासून अप्पाजीपंत मधल्या मधे उठेनासे जाहले, म्हणाले उगाच येरझारा कशास. संध्याकाळी हुजुरांनी एकेकास बोलावोन पुसले की आमचे चुकते कोठे. कोणी म्हणाला बर्फ चुकले, कोणी म्हणाला फळ्यांचे लाकूड उद्धट आहे, कोणी वाऱ्यावर ठपका ठेविला. खरे सांगावयाचे तर कोणास ठाऊकच नव्हते. हुजूर पडते वेळी सर्वांची तोंडे बर्फात, तेव्हां पाहणार कोण? आम्हांस हुजुरांची कीव आली, परी कीव लिहिण्याची आज्ञा नव्हती.

मग माघ शुद्ध दशमीस, आणखी एक उंच डोंगर पाहोन सर्व हिरमुसले परत येत असता, पालखीचे भोई दूध प्यावयास वाटेत थांबले. तेथे गवळटेकडी म्हणोन एक बुटका उंचवटा आहे. अप्पाजीपंतांच्या कागदात तिचे नावही नव्हते. वर जावयास एक दोर, तो ओढावयास एक बैल, तोही त्याच्या मनात आले तर. पडवीत सहा गवळ्यांच्या फळ्या टांगलेल्या, आणि राखणीस खेमा नाईक म्हणोन म्हातारा शिपाई, लढाईत उजवा गुडघा जायबंदी होऊन ताठ राहिलेला. हुजूर म्हणाले, भोयांचे दूध होईतो एकदा वर जाऊन येतो. हुजूर वर गेले, निघाले, दहा हात आले आणि पडले, आणि आम्ही रीतसर पडलो. परी या खेपेस बर्फावर एक सावली उभी राहिली. खेमा नाईक काठीवर रेलोन तसाच उभा.

अप्पाजीपंतांनी बर्फातूनच दरडावले, "नाईक, पडा."

खेमा म्हणाला, "पडलो असतो पंत, पण गुडघा वाकत नाही. पडलो तर चैत्रापर्यंत उठणार नाही."

सर्वांचे धाबे दणाणले. हुजुरांनी मात्र मान वर केली, आणि चेहऱ्यावर राग नव्हता, आशा होती. म्हणाले, "नाईक, तुम्ही आम्हांस पडताना पाहिले?"

"पाहिले, महाराज."

"मग सांगा, आम्ही कैसे पडतो?"

"उतार आला की महाराज भितात आणि मागे रेलतात, म्हणून पाय पुढे पळतात. गुडघे वाकवावे, अंग पुढे झुकवावे. माझे वाकत नाहीत, आपले तर वाकतात."

ऐसे म्हणोन त्याने काठी पुढे केली, आणि हुजूर ती धरोन उठले, आणि पुन्हा वर गेले, आणि गुडघे वाकवोन निघाले, ते तीस हात उभे आले. तीस हात म्हणजे काय, बैलानेही मान वळविली. मग पडले. आम्हीही पडलो, परी एक डोळा उघडा ठेविला, हे येथे कबूल करितो. हुजूर दिवेलागणीपर्यंत तेथून हलेनात, आणि दूध प्यालेले भोई पुन्हा भुकेले जाहले.

दुसरे दिवशी दरबारात हुजुरांनी सांगितले की आमची टेकडी ठरली, गवळटेकडी. अप्पाजीपंतांचा चेहरा पाहण्याजोगा जाहला. म्हणाले, महाराज, तीस ना कडा ना बुरूज, सोयऱ्यांस नाव काय सांगावे? हुजूर म्हणाले, नाव आम्ही सांगू, तुमची अडचण ती नव्हे आणि आमचीही नव्हे. आमची अडचण ही की राणीसाहेब शेजारी आल्या आणि आम्ही पडलो, तर त्यांस पडावे लागेल, आणि ते आम्हांस पुन्हा पाहवणार नाही. मग घनश्यामशास्त्री पुढे आले. बारा वर्षे कायद्याने पडोन शास्त्रीबुवांची कंबर कामातून गेली होती, म्हणोन त्या दिवशी त्यांची बुद्धी विशेष तल्लख होती. त्यांनी थोरल्या महाराजांचा कागद आणविला, डोळ्यांशी धरिला, आणि निर्णय दिला की हा कायदा दरबाराचा, घराचा नव्हे. देवघरात, मुदपाकखान्यात, माजघरात तो लागू नाही. आणि ज्या टेकडीस हुजुरांनी आपल्या मुखे घर म्हटले, ती घरच जाहली. घरात कोण पडतो आणि कोण उभा राहतो, याची चौकशी दरबाराने करो नये. हे ऐकोन आम्हां कारकुनांचा जीव भांड्यात पडला, आणि हुजुरांनी शास्त्रीबुवांस कंबरेसाठी लोकरीचा पट्टा बक्षीस दिला.

माघी पौर्णिमेस सकाळी पडवीत दोन नव्या खुंट्या ठोकिल्या, आणि हुजुरांनी सर्वांसमक्ष टेकडीस घर म्हटले, आणि राणीसाहेबांसह बैलाच्या मर्जीने वर गेले. आम्ही खाली उभे. हुजूर पडले की अंग आपोआप खाली जाऊ पाही, तेव्हां एकमेकांचे दंड धरोन उभे राहिलो. हुजूर निघाले, राणीसाहेब बरोबरीने, आणि वीस हातांवर हुजूर पडले. राणीसाहेब उभ्या राहिल्या. नऊ वर्षांत प्रथमच वरून हुजुरांकडे पाहावयास मिळाले, तेव्हां आधी मनसोक्त हसल्या, आणि मग म्हणाल्या, "इकडून उठणे व्हावे. आम्ही थांबतो." हुजूर उठले. पुढे आणखी दोनदा पडले, दोनदा त्या थांबल्या. शेवटचा उतार आला तेव्हां हुजूर गुडघे वाकवोन, जीभ दातांत धरोन नीट चालले होते, आणि राणीसाहेब ते पाहावयास मान मागे वळवोन घसरत होत्या, आणि पाहता पाहता समोरचा उंचवटा दिसला नाही, आणि त्या पडल्या. आयुष्यात प्रथम, खरोखरीच्या पडल्या. आम्ही अप्पाजीपंतांकडे पाहिले, पंतांनी शास्त्रीबुवांकडे, आणि शास्त्रीबुवांनी आकाशाकडे. हुजूर मात्र पडले नाहीत. कसेबसे थांबले, काठ्या बर्फात रोविल्या, आणि हात पुढे केला.

म्हणाले, "उठा. आम्ही उभे आहो."

एणेप्रमाणे त्या घराण्यास टेकडी मिळाली. सोयरे अजून नाव ऐकोन हसतात, आणि हुजूर छाती पुढे काढून तेच पुन्हा सांगतात. पडवीत दोघांच्या फळ्या शेजारी शेजारी टांगल्या आहेत, बैलाची मर्जी पूर्वीप्रमाणेच आहे, आणि शेगडी खेमा नाईकाच्या गुडघ्यास दिली, कारण पायथ्याशी बसोन "वा" म्हणणारे आता कोणी उरले नाही.